देवाच्या दारातले युद्धस्मारक

नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठावर रामेश्वराचे देऊळ आहे. रामेश्वर म्हणून ते फारसे कोणी ओळखत नाही. गावाच्या तोंडी ते नारोशंकराचे देऊळ, आणि देवळाच्याही आधी आठवते ती नारोशंकराची घंटा. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये हे देऊळ बांधले. भोवती गढीला शोभेल असा तट, तटाच्या कोपऱ्यांवर छत्र्या, मधोमध नक्षीने भरलेले शिखर, आणि प्रवेशाच्या वर कमानीत टांगलेली ही ओतीव घंटा. तोंडाशी तिचा व्यास सुमारे सहा फूट आहे. तिच्यावरचे साल शकाचे नाही, इसवी सनाचे आहे : १७२१, तेही युरोपीय आकड्यांत. म्हणजे देऊळ उभे राहण्याच्या सव्वीस वर्षे आधी, वेगळ्या प्रार्थनेची वेळ सांगण्यासाठी ती ओतली गेली होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला, तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या आणि त्यांतली एक नाशिकला आली, असे नाशिककर पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. कॅथलिक चर्चसाठी घडलेली वस्तू महादेवाच्या दारात एका लढाईची आठवण होऊन राहिली आहे. पुढच्या पानांचा विषय हाच : प्रार्थनेच्या जागी ठेवलेली युद्धाची आठवण. माझे म्हणणे असे की ही घंटा पूर्ण अर्थाने युद्धस्मारक आहे. देवाच्या आवारात गेल्यामुळेच ते स्मारक टिकले, आणि तिथे गेल्यामुळेच ते एकट्या जेत्याचे उरले नाही.

हे म्हणणे आज थोडे विचित्र वाटेल, कारण युद्धस्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौकातला स्तंभ, उलटी टेकवलेली बंदूक, संगमरवरावर कोरलेली नावे आणि वर्षातून एकदा वाहिले जाणारे पुष्पचक्र येते. ही कल्पना फार जुनी नाही. महाराष्ट्राच्या मातीत लढाईतल्या मृत्यूचे स्मारक शतकानुशतके देवळाच्या आवारातच उभे राहत आले आहे, आणि त्याला आपण वीरगळ म्हणतो. वीरगळ नीट पाहिली तर ती मुळात देवाचे शिल्प आहे हे लक्षात येते. उभी शिळा, तिच्यात एकावर एक तीन-चार चौकटी. सगळ्यात खाली जमिनीवर पडलेला वीर, कधी त्याच्यामागे गाईंचा कळप, कारण कित्येकांनी प्राण दिले ते गावची गुरे सोडवताना. त्याच्या वर चकमक : ढाली, तलवारी, एखादा घोडा. तिसऱ्या चौकटीत दोन्ही बाजूंनी हात देऊन वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. आणि माथ्याशी तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पूजा करणारा गुरव, वर कलश, कलशाच्या बाजूंना चंद्र आणि सूर्य. वर जावे तशी लढाई मागे पडते आणि शेवटी राहते ती पूजा. शिल्पकाराने मरण खाली ठेवले आणि देवाला वर ठेवले, कारण शिळा उभी करणाऱ्यांना मरणाचा अर्थ तिथेच लागत होता. वीराचे नाव बहुतेक शिळांवर नाहीच.

बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळी याचे सर्वांत भव्य उदाहरण आहेत. त्यांच्यावर वल्ह्यांची लांब जहाजे आहेत, जहाजांवर एकमेकांवर चालून जाणारे सैनिक आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या आरमारी लढाईचे इतके सविस्तर चित्र मराठी मुलखात दुसरे सापडणे कठीण. पुष्कळ अभ्यासक या शिळांचा संबंध तेराव्या शतकात यादव राजा महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पराभव केला त्या युद्धाशी लावतात; काहींना शिल्पांचा काळ त्याआधीचा वाटतो. लढाई कोणतीही असो, शिळा कोणत्या बाजूच्या मेलेल्यांची हे आज पाहणाऱ्याला शिळेवरून कळत नाही, आणि त्यावाचून त्याचे अडतही नाही. यादवांचे आरंभीचे ठाणे नाशिकजवळचे सिन्नर, आणि एक्सर ज्या साष्टीत आहे ती साष्टी पुढे १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने पोर्तुगिजांकडून सोडवली. नाशिक आणि उत्तर कोकण यांच्यामधली घाटवाट अशी लढायांची जुनी वाट आहे. नारोशंकराची घंटा वसईहून आली ती त्याच मुलखातून.

कॅथलिक जगातही युद्धाची आठवण देवाच्या आवारात जाण्याची रीत आहे, आणि आपल्या विषयाला ती जवळची म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या कित्येक कॅथलिक चर्चच्या अंगणात क्रुसावर खिळलेल्या ख्रिस्ताची मूर्ती उभी केली गेली, काही ठिकाणी तिच्या पायाशी मारिया आणि योहान, आणि चौथऱ्यावर त्या धर्मग्रामातल्या मेलेल्या तरुणांची नावे. प्रॉटेस्टंट मंडळींपैकी अनेकांना नुसता क्रूस चालत होता, पण त्याच्यावर ख्रिस्ताचा देह नको होता. त्यांना त्यात रोमचा वास येई आणि त्यावरून वादही झाले. कॅथलिकांना मात्र देहच हवा होता. ज्या आईचा मुलगा फ्लँडर्सच्या चिखलात नाहीसा झाला आणि ज्याचा मृतदेह घरी आलाच नाही, तिला निदान एक मेलेला मुलगा आणि त्याच्या पायाशी उभी असलेली आई पाहता येत होती. फ्रान्समध्ये ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने सार्वजनिक स्मारकांवर धार्मिक चिन्हे लावायला बंदी झाली होती. अपवाद होता प्रार्थनास्थळांचा, दफनभूमींचा आणि थडग्यांचा. त्यामुळे गावच्या चौकात प्रजासत्ताकाचा स्तंभ आणि चर्चच्या अंगणात मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मारिया, अशी आठवणीची दोन ठाणी झाली. ब्रिटनी प्रांतात, जिथे चर्चचे अंगण हेच गावाचे मन होते, तिथे ही मारियाच मुलगा गमावलेल्या प्रत्येक आईचे स्मारक झाली.

या रीतीची एक शाखा आपल्या दाराशी आहे. पुण्याजवळ खडकीला राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्या मूळ कबरी ठिकठिकाणच्या दफनभूमींत होत्या आणि त्यांची निगा राखणे शक्य उरले नव्हते. मध्यभागी जो उंच क्रूस आहे, त्याचा आराखडा रेजिनल्ड ब्लॉमफील्ड यांचा : दगडी क्रूस आणि त्याच्यावर अधोमुख ब्राँझची तलवार. क्रुसाच्या अंगावर तलवार लावलेली, म्हणजे धर्मचिन्ह आणि शस्त्र एकाच आकृतीत. ते स्मारक नीटनेटके आहे, हिरवळ कापलेली असते, नावे वाचता येतात. ते टिकते आहे ते एका संस्थेच्या सातत्याने आणि पैशाने. हा मार्ग आदरणीय आहे आणि मला त्याचे मोल कमी करायचे नाही. पण संस्था नसेल, निधी नसेल, नावांची यादी करणारा कारकूनही नसेल, तर मेलेल्यांचे काय होते? वसईच्या मेलेल्यांचा प्रश्न हा होता.

वसईचे युद्ध किती महाग पडले हे सांगितल्याशिवाय घंटेचे वजन कळणार नाही. पोर्तुगीज राज्यात उत्तर कोकणातल्या हिंदू रयतेवर धर्माच्या नावाने जुलूम झाला होता, देवळे पाडली गेली होती, उघड पूजाअर्चेवर बंधने होती. त्याला कंटाळून तिथल्या अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारख्या वतनदारांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी हाती आली. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि बाजीराव व चिमाजी या दोघाही भावांना ते जिवाभावाचे होते. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, चढाईला वाट एकाच अंगाने. मराठ्यांनी भुयारे खणून सुरुंग लावले, बुरूज पाडले, खिंडारातून चढले, मागे रेटले गेले, पुन्हा चढले. ग्रँट डफने मराठ्यांची हानी, ठार आणि जखमी मिळून, पाच हजारांहून अधिक दिली आहे. पोर्तुगिजांची सुमारे आठशे. शेवटी शरणागती झाली ती अटींवर : शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू द्यायचे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळू द्यायचा. चिमाजी अप्पांचे स्मारक आज वसईच्या किल्ल्यात आहे. खिंडारात मेलेल्या हजारो शिपायांची नावनिशी कुठल्याही दगडावर नाही. त्या मोहिमेची जी भौतिक खूण गावोगावी पोहोचली आणि ज्या गावांतून शिपाई गेले असतील अशा गावांच्या देवळांत जाऊन राहिली, ती या घंटांचीच.

आता पहिला आक्षेप घेऊ, कारण तो पुराव्याचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. नाशिकची घंटा वसईचीच कशावरून? तिच्याबरोबर वसईच्या कोणत्या चर्चचा कागद आलेला नाही. परंपरा ही परंपरा असते. हे खरे आहे. पण ही घंटा एकटी नाही. नसरापूरच्या बनेश्वराला १६८३ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर, स्वतंत्र दगडी मंडपीत टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल सांगतात आणि तिच्या अंगावर बालयेशूला घेतलेल्या मारियेची उठावाची आकृती आहे. भीमाशंकरच्या आवारातली घंटा १७२० च्या दशकातली. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटाही चिमाजी अप्पांच्या नावाशी जोडलेली आहे. या सगळ्यांची साले शेजारी मांडून पाहा. सगळी इसवी सनात आहेत. मराठी मुलखातल्या ओतकाराने मराठा देवळासाठी घंटा ओतली असती तर त्याने शके घातले असते, संवत्सराचे नाव घातले असते, मारियेची आकृती तर नक्कीच घातली नसती. आणि प्रत्येक साल १७३९ च्या आधीचे आहे. चर्चच्या घंटा मराठी देवळांत तुरळक व्यापाराने किंवा भेट म्हणून आल्या असत्या तर त्यांतली एखादी १७५० ची, एखादी १७८० ची निघाली असती. मालिका तुटते ती नेमकी वसई पडल्यावर. एकट्या घंटेबद्दल शंका घेता येते. सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्या शंकेचे बळ कमी होते. नाशिकची घंटा वसई शहरातल्या एखाद्या चर्चची की त्या मुलखातल्या दुसऱ्या एखाद्या चर्चची, हा प्रश्न उघडा राहिला तरी ती त्या युद्धाची आहे हे म्हणायला पुरेसा आधार आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. ही लूट आहे, विजयचिन्ह आहे. तिला स्मारक कसे म्हणायचे? स्मारकात मेलेल्यांचे स्मरण असते, विजयचिन्हात जिंकणाऱ्याची फुशारकी. या आक्षेपात तथ्य आहे आणि घंटा नेणाऱ्यांच्या मनात अभिमान नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्यांनी घंटांचे काय केले ते बघितले पाहिजे. ओतीव घंटेचा धातू तांबे आणि कथील. तोफेचाही तोच, प्रमाण वेगळे. अठराव्या शतकात तोफांची चणचण मराठ्यांना सतत भासत होती, आणि घंटा वितळवून तोफा ओतणे ही युरोपात सर्रास चाललेली गोष्ट होती. विसाव्या शतकातल्या दोन्ही महायुद्धांतही जर्मनीने हजारो चर्चच्या घंटा उतरवून भट्टीत घातल्या. मराठ्यांनी या घंटा वितळवल्या नाहीत. त्यांच्यावरची अक्षरे आणि आकृत्या छिन्नीने काढल्या नाहीत. मेणवलीच्या घंटेवरची मारिया आजही तिच्या जागी आहे. नारोशंकराने घंटा टांगली ती वसईनंतर आठ वर्षांनी, मेणवलीला ती टांगली गेली त्याहून काही दशकांनी. म्हणजे विजयाच्या धुंदीत केलेले हे काम नव्हे. एवढे अवजड धातूचे ओझे घाट चढवून आणणे, वर्षानुवर्षे जपणे आणि मग देवाच्या दारात त्याला जागा देणे, यात योजना आहे. दुसऱ्याच्या देवाची वस्तू आपल्या देवाला वाहिली, तेव्हा ती पवित्र आहे हे वाहणाऱ्याने मान्यच केले. कॅथलिक विधीत चर्चच्या घंटेला बिशपने पवित्र पाण्याने न्हाऊ घालायचे, तैलाभ्यंग करायचे, तिला संताचे नाव द्यायचे, अशी प्रथा होती. ज्याने ती उतरवली त्याला हा विधी माहीत असण्याचे कारण नाही. पण घंटेला नुसता धातू समजायचे नाही हे त्याला समजत होते.

वज्रेश्वरीचे देऊळ याच मोहिमेचे दुसरे अपत्य आहे. वसई जिंकली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला आणि तो फेडला. गढीसारख्या उंच पायऱ्या आणि नगारखाना असलेले ते देऊळ नारोशंकराच्या तटबंद देवळाशी बरेच मिळतेजुळते आहे. नवस ही फुशारकीची भाषा नसते. जिथे आपल्या हातात सगळे नाही हे कळते तिथे माणूस नवस बोलतो. पाच हजार माणसे जायबंदी किंवा मृत झाल्यावर मिळालेला विजय ज्यांनी पाहिला, त्यांनी तो देवाच्या पायाशी नेऊन ठेवला, यात कृतज्ञता आहे आणि माझ्या मते भयही आहे. नारोशंकराच्या स्वतःच्या आयुष्याने याला जी पुरवणी जोडली ती विसरता येत नाही. झाशीचा कारभार पाहिलेला, मालेगावचा भुईकोट उभा करणारा हा सरदार १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीत शिबंदी देऊन ठेवला होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले आणि त्याला दिल्ली सोडून निघावे लागले. ज्याने नाशिकला विजयाची घंटा टांगली त्याने अवघ्या चौदा वर्षांत त्याहून कितीतरी मोठा पराभव जवळून पाहिला. पानिपतानंतर नाशिकच्या किती घरांत परत न आलेल्यांचे दिवस घातले गेले असतील, आणि रामकुंडावर ते विधी करून निघालेल्या माणसाच्या नजरेला पलीकडे तीच घंटा पडत असेल. त्याला ती विजयाची वाटली असेल असे मला वाटत नाही. देवाच्या दारातल्या वस्तूला येणाऱ्या प्रत्येकाचे दुःख लागते, आणि लूट स्मारक होते ती इथे.

तिसरा आक्षेप असा की पूजा आठवण गिळून टाकते. नारोशंकराच्या देवळात येणाऱ्या शंभरातल्या किती जणांना वसई ठाऊक असते? वीरगळींचेही तेच झाले : शेंदूर चढला, नारळ फुटू लागले, कुठे तिचा म्हसोबा झाला, कुठे वेताळ, आणि गुरे सोडवताना मेलेला माणूस पुसला गेला. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे दुःख मलाही आहे. तरी शेंदराखालची शिळा शाबूत आहे, ही गोष्ट लहान नाही. ज्या वीरगळींना पूजा मिळाली नाही त्यांचे काय झाले तेही आपल्याला दिसते : त्या विहिरीच्या काठाला धुणे आपटायला गेल्या, घराच्या जोत्यात चिणल्या गेल्या, रस्त्याच्या खडीत मिसळल्या. पूजेने नाव विसरायला लावले आणि दगड वाचवला. नाव पुन्हा शोधता येते, निदान शोधण्याचा प्रयत्न करता येतो. दगड गेला तर शोधायला काही उरत नाही. नाशिकने तर या घंटेला आणखी एक काम दिले. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढले हे सांगायला नाशिककरांच्या ठरलेल्या खुणा आहेत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, आणि त्याहूनही वर म्हणजे नारोशंकराच्या घंटेला. घंटेला पाणी लागणे म्हणजे महापूर. १९६९ च्या सप्टेंबरातल्या पुराची गोष्ट सांगणाऱ्यांच्या बोलण्यात ती येतेच. वसईचा संबंध विसरलेल्या गावानेही घंटेला अशी आपल्या जगण्यात गुंतवून ठेवली, आणि म्हणून तिला कुणी उतरवले नाही.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर : ती परत द्यावी. याला जगात ताजे उदाहरण आहे. फिलिपिन्समध्ये समार बेटावरच्या बालांगिगा गावात सप्टेंबर १९०१ मध्ये गावकऱ्यांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, ४८ सैनिक मेले. बदला म्हणून अमेरिकी सैन्याने ते बेट जाळले आणि गावच्या कॅथलिक चर्चच्या तीन घंटा नेल्या. दोन वायोमिंगमधल्या लष्करी तळावर मेलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून ठेवल्या गेल्या, तिसरी एका पलटणीकडे राहिली. अनेक दशकांच्या मागणीनंतर डिसेंबर २०१८ मध्ये तिन्ही परत गेल्या आणि त्याच चर्चमध्ये पुन्हा वाजल्या. हे योग्यच झाले. मग नाशिकची घंटा वेगळी कशी? फरक दोन आहेत. बालांगिगाचे चर्च नांदते होते, त्याचे लोक घंटा मागत होते. वसईच्या किल्ल्यातली बहुतेक चर्चे आज छप्पर गेलेल्या भिंती आहेत आणि नाशिकच्या घंटेचे नेमके घर कोणते याचा निर्णय लागलेला नाही. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी तळावरच्या घंटा तिथे फक्त विजेत्याच्या स्मरणासाठी होत्या, प्रार्थनेशी त्यांचा संबंध तुटला होता. नाशिकची घंटा पावणेतीनशे वर्षे देवाच्या दारातच आहे. तिचा देव बदलला, प्रार्थनेशी असलेले नाते सुटले नाही.

तरीही हा युक्तिवाद कॅथलिकांच्या वतीने इतर कोणी परस्पर उरकून टाकू नये. वसईचा कॅथलिक समाज म्हणजे पोर्तुगीज साम्राज्य नव्हे. तो शेतकऱ्यांचा, कोळ्यांचा, बागायतदारांचा समाज आहे. तो घरी मराठीच्या बोली बोलतो, मराठीत प्रार्थना करतो, आणि याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. खुद्द नाशिकला १९८७ पासून कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि नाशिकरोडच्या बालयेशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत दूरदूरहून माणसे येतात. त्यांत ख्रिस्ती नसलेले भाविकही असतात. बालयेशूला घेतलेल्या मारियेची आकृती मेणवलीच्या घंटेवर आहे आणि बालयेशूचे देऊळ नाशिकमध्ये आहे, हे एकाच मराठी जगातले दोन थांबे आहेत. वसई घेताना मेलेल्या मराठा शिपायाचे आणि वसई राखताना मेलेल्या माणसाचे वंशज आज एकाच भाषेत वर्तमानपत्र वाचतात. त्यामुळे घंटेबद्दल काय लिहायचे, कसे लिहायचे, यात वसईच्या धर्मग्रामांचा शब्द असायलाच हवा.

लिहिण्याजोगे पुष्कळ आहे आणि वेळ थोडा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकचे घाट, रस्ते आणि काठावरची देवळे यांची मोठी कामे होत आहेत, आणि अशा कामांत जुन्या वस्तूंना रंग फासला जाण्याची, अक्षरांवर तेल आणि चुना बसण्याची भीती असते. नाशिक, बनेश्वर, मेणवली, भीमाशंकर आणि पाली इथल्या घंटांवरच्या प्रत्येक अक्षराचे आणि आकृतीचे ठसे घ्यायला हवेत. त्यांची मापे, धातूचे प्रमाण, लोळीची घडण आणि तोंडाची जाडी यांची एकत्र नोंद व्हायला हवी. एकाच ओतशाळेच्या दोन घंटा निघाल्या तर कोणती कुठून आली हे कदाचित सांगता येईल. गोव्यातल्या आणि लिस्बनमधल्या पोर्तुगीज दप्तरांत वसईच्या चर्चच्या सामानाच्या याद्या शोधून त्या या नोंदींशी पडताळल्या पाहिजेत. आणि नारोशंकराच्या दारात एक साधा फलक हवा. त्यावर १७२१, १७३९ आणि १७४७ ही तीन साले, वसईत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांची आठवण, आणि ही घंटा आधी एका चर्चची होती हे वाक्य, स्वच्छ मराठीत.